पांढऱ्या ढगाचं वय

हामदादा जांगी, म्हणजे कोरियन बुद्धिबळ, खेळायला बसले, की मोहरे लावण्याआधी एक काम करत. आपल्या दोन रथांपैकी एक उचलून कॉफीच्या कागदी पेल्याशेजारी ठेवत आणि समोरच्या मुनसाहेबांना म्हणत, "हं, ये." त्यात कुचेष्टा नसे, आणि दुखणं नेमकं तेच होतं. कुचेष्टा असती तर भांडता आलं असतं. पण धाकट्या भावाला मासा वाढताना काटे वेचून द्यावेत, तितक्या मायेने हामदादा रथ काढून ठेवत. एवढी सूट घेऊनही मुनसाहेब हरत.

छोंगजू शहरातल्या त्या अपार्टमेंटच्या वसाहतीत ज्येष्ठ मंडळींसाठी एक खोली होती. उबदार जमीन, भिंतीवर मोठा टीव्ही, कोपऱ्यात सरकारी तांदळाचं पोतं आणि मधोमध जांगीचे दोन पट. हामदादांकडून तिथे सगळेच हरत. पण बाकीचे हामदादांच्या पूर्ण सैन्याकडून हरत आणि मग जेवायला ताठ मानेने बसत. अर्ध्या सैन्याकडून हरणारे मुनसाहेब एकटेच. हामदादांना हरवावं एवढी हाव त्यांना नव्हती. एकदा, फक्त एकदा, दादांनी दोन्ही रथ पटावर ठेवून आपल्याशी खेळावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे तोंडाने मागणं शक्य नव्हतं. एकदा अगदी ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात त्यांची तोफ मारली गेली आणि विषय मागे पडला.

म्हणून मुन गी-बोम, वय वर्षं सत्तर, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त, यांनी संगणकाचा वर्ग लावला. वर्गातले बाकीचे म्हातारे नातवंडांचे फोटो एकमेकांना पाठवायला शिकत होते. मुनसाहेबांनी मास्तरीणबाईंना विचारलं, "जांगी खेळणारा प्रोग्राम कसा लिहितात?" बाईंनी आधी हसून घेतलं, मग सांगितलं. मुनसाहेबांची सगळी हयात पाणी कुठून गळतं ते शोधण्यात गेली होती, त्यामुळे एका जागी बसून डोकं खाजवायची त्यांना सवय होती. हिवाळा संपेपर्यंत प्रोग्राम उभा राहिला. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'पांढरा ढग'. बेत सरळ होता. पांढरा ढग हामदादांना त्यांच्या दोन्ही रथांसकट हरवणार, आणि तो ज्याने घडवला त्याला सूट देताना मग दादांचीच दादा म्हणून पंचाईत होणार.

पहिली परीक्षा घरात झाली. जोंग-इम, म्हणजे मुनसाहेबांची बायको, लसूण सोलत बसली होती. तिला जांगीतलं घोडा आणि हत्ती एवढंच माहीत होतं, तेही मोहऱ्यांवरची अक्षरं वाचता येत होती म्हणून. मुनसाहेबांनी फोन तिच्या हातात दिला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, तुमच्या हत्तीने माझा घोडा खाल्ला."

"वा! बघ, म्हणजे डोकं आहे त्याला."

"खाल्ला आणि मग स्वतःही कुठे गेला ते दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पटावर नाही. आणि हे काय, मी जिंकले म्हणतोय." तिने फोन लसणाच्या वासासकट परत केला. "खरंच जिंकले का हो मी? का तुम्ही माझं मन राखायला तसं लिहिलंय?"

हत्ती शोधण्यात दोन आठवडे गेले. तो पटाच्या बाहेर, डाव्या कडेला, निवांत उभा होता. मुनसाहेबांनी त्याला आत आणलं आणि पांढरा ढग वसाहतीच्या वेबसाइटवर चढवायला व्यवस्थापन कार्यालयात गेले.

व्यवस्थापक ब्योन हा मान खाली घालून काम करणारा आणि त्याहून खाली घालून नकार देणारा गृहस्थ होता. तो म्हणाला, "साहेब, वेबसाइटवर तीनच विभाग आहेत. सूचना, हरवले-सापडले आणि तक्रारी. खेळ हा विभाग नाही."

"मग नवा करा."

"त्याला रहिवाशांच्या मंडळाचा ठराव लागेल. ठरावाला सभा लागेल. सभेला माणसं लागतील, आणि माणसं येत नाहीत अशी तर माझ्याकडे तक्रार आहे."

"मग सूचनांमध्ये टाका."

"ही सूचना आहे का?"

मुनसाहेबांना ती सूचना आहे असं छातीठोकपणे सांगता आलं नाही. शेवटी असं निघालं, की रहिवाशाला स्वतः काही जोडायची सोय फक्त तक्रारींमध्ये आहे. तेव्हा पांढरा ढग तक्रारींत गेला. ज्याला खेळायचं असेल त्याने 'तक्रार नोंदवा' हे बटण दाबायचं. डाव संपला की पडद्यावर येई, 'आपली तक्रार मिळाली. आम्ही दिलगीर आहोत.' जिंकणाऱ्यालाही तेच आणि हरणाऱ्यालाही तेच. हरणाऱ्यांना ते फार आवडे.

खोलीत बातमी पोचली आणि शंका सुरू झाल्या. सगळ्यात मोठी शंका नामगुंग गुरुजींची. गुरुजी प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीनंतर सगळी वसाहत त्यांच्या वर्गात बसली होती.

"मुनसाहेब, राग मानू नका," गुरुजी म्हणाले. राग येईल असंच बोलायचं असलं की गुरुजी ही सुरुवात करत. "पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही एका रथाच्या सवलतीवर खेळता. तुम्ही शिकवलेलं यंत्र कितीसं खेळणार?"

"गुरुजी, यंत्र स्वतः विचार करतं. मी फक्त नियम सांगितलेत."

"नियम तरी बरोबर सांगितलेत ना?"

ही शंका साधी नव्हती, कारण तिला तोडच नव्हती. पांढरा ढग कुणाकडून हरला, की मंडळी म्हणत, "शेवटी मुनचंच ना!" जिंकला, की म्हणत, "हे मुनने केलेलं नाही, कुठून तरी उतरवून घेतलंय." जिंकला तर दुसऱ्याचा आणि हरला तर आपला, हा न्याय मुनसाहेबांनी मूग गिळून सोसला. पण गुरुजींची दुसरी तक्रार सोसण्यापलीकडची होती.

"तुमचा हा ढग शह देताना मला काय म्हणतो माहीत आहे? 'शह घे!' घे? मला? त्रेचाळीस साली जन्मलेल्या माणसाला?"

चूक गंभीर होती. मुनसाहेबांनी प्रोग्राम लिहिताना जांगीच्या पटावर जसं बोलतात तसं लिहिलं होतं, पण पटावर तसं फक्त मोठ्यांनी धाकट्यांना बोलायचं असतं. त्यांनी त्याच दिवशी 'घे'चं 'घ्या' केलं. तर पाचव्या मजल्यावरचा विशीतला मुलगा खेळला आणि त्यालाही ढग 'घ्या' म्हणाला. यावर गुरुजींचं म्हणणं, की अशाने पोरं शेफारतात. एकूण काय, ढगाला समोरच्याचं वय कळल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मुनसाहेबांनी सुरुवातीलाच जन्मतारीख विचारण्याची सोय केली. शिवाय वय कळलंच आहे तर रीतीप्रमाणे वयाने मोठ्याला लाल मोहरे आणि धाकट्याला हिरवे, हेही घालून टाकलं. आता दोन रहिवासी घरबसल्या एकमेकांशी खेळले तरी मोहरे आपोआप वाटले जाणार होते. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या समाधानात मुनसाहेब झोपले.

दुसऱ्या दिवशी हामदादा आणि गुरुजी आपापल्या घरून एकमेकांशी खेळायला बसले, आणि ढगाने गुरुजींना लाल मोहरे दिले.

हामदादा जिने उतरून खोलीत आले तेव्हा त्यांचा एक पाय चपलेत आणि दुसरा मोज्यात होता. "मुन! हा काय चावटपणा? मी घोड्याच्या वर्षातला, हा मेंढीच्या वर्षातला. घोडा आधी का मेंढी आधी?"

"घोडा, दादा." वर्षांना प्राण्यांची नावं असतात, आणि त्या चक्रात घोड्यामागून मेंढी येते.

"मग मला हिरवे का?"

मागून गुरुजी आले, दोन्ही पायांत चपला घालून. "हामसाहेब, तुम्ही तारीख काय टाकलीत?"

"ओळखपत्रावर आहे ती. यंत्रात सरकारी तारीख टाकायची, एवढं कळतं मला."

"ओळखपत्रावर चव्वेचाळीस साल आहे. सरकारी हिशेबाने मी तुमच्याहून एका वर्षाने मोठा. इतकी वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." गुरुजींच्या चेहऱ्यावर असा आनंद पूर्वी एकदाच, शाळेला नवी घंटा मिळाली तेव्हा, दिसला होता म्हणतात.

"अरे, नाव नोंदवायला बाप दोन वर्षं थांबला होता! पोर जगतंय का ते बघत होता! माझ्या आधीची दोन गेली. जगलो हा माझा गुन्हा झाला का?"

"गुन्हा कोण म्हणतंय? मी फक्त म्हणतो, इथून पुढे तुम्ही मला दादा म्हणायला हरकत नाही."

हामदादांनी मुनसाहेबांकडे एकदा बघितलं, दुसरी चप्पलही न शोधता निघून गेले आणि जाताना म्हणाले, "तुझ्या त्या ढगाशी मी खेळणार नाही. त्याला माणसं कळत नाहीत."

मुनसाहेबांच्या पायाखालची उबदार जमीन गार झाली. सगळा खटाटोप हामदादांना ढगासमोर बसवण्यासाठी होता, आणि तेच आता बसायला तयार नव्हते. तिकडे ब्योनही फोनवर फोन करत होता. वरच्या कचेरीतून त्याला विचारणा झाली होती, की शहरात सगळ्यात जास्त तक्रारी तुमच्याच वसाहतीत कशा? "काय बिघडलंय म्हणून विचारतात, साहेब. काय सांगू? हत्ती?" आता त्याने निर्वाणीचं सांगितलं. हामसाहेबांशी एक जाहीर डाव व्हावा. ढग चांगला खेळला तर तो मंडळापुढे वेगळ्या विभागाचं बोलेल, नाहीतर तक्रारींतून काढून टाकेल.

मुनसाहेबांनी घरी बसून जन्मतारखेचं सगळं प्रकरण खरवडून काढलं आणि त्या जागी साधा प्रश्न घातला, 'आपण कुठल्या वर्षातले?' माणसाने बेचाळीसचा घोडा म्हणावं, त्रेचाळीसची मेंढी म्हणावं, ओळखपत्राचा संबंध नाही. एवढं करताना ते एक विसरले. माणसाचं वय ढगाच्या वयाशी ताडून बघितलं जात होतं, आणि ढगाची स्वतःची जन्मतारीख लिहायची राहून गेली होती. तारखेची जागा रिकामी ठेवली की त्यांचा संगणक आपल्या मनाने एकोणीसशे सालची पहिली जानेवारी धरतो, हे ज्या दिवशी वर्गात शिकवलं त्या दिवशी मुनसाहेब दात काढायला गेले होते.

गुरुजींनी ढग उघडला तर वर लिहून आलं, 'पांढरा ढग, वय सव्वाशे.' लाल मोहरे ढगाने घेतले. तिसऱ्याच चालीला तो म्हणाला, "शह घे!"

मुनसाहेबांनी डोळे मिटून घेतले. पण गुरुजी सरसावून बसले होते. "सव्वाशे? असं आधी नाही का सांगायचं? मग म्हणू दे की 'घे'. माझे आजोबासुद्धा 'घे'च म्हणायचे." त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि बेताची मान लववून चाल केली.

संध्याकाळपर्यंत ही बातमी हामदादांपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. "वयाने मोठा आहे म्हणतात. मोठ्याने खेळायला बोलावलं तर नाही म्हणणं बरं दिसत नाही. शिवाय हा गुरुजीपेक्षाही मोठा, हे एक चांगलं." मुनसाहेब चूक दुरुस्त करायला संगणक उघडून बसले होते. त्यांनी तो बंद केला.

शनिवारी सकाळी वसाहतीतल्या प्रत्येक घराच्या छतातला कर्णा खरखरला. "नमस्कार. व्यवस्थापन कार्यालयाकडून निवेदन. आज दुपारी जेवणानंतर ज्येष्ठांच्या खोलीत श्रीयुत हाम आणि तक्रार विभागातील पांढरा ढग यांचा सामना होईल. तसेच, ओल्या कचऱ्यात शिंपले टाकू नयेत."

मंडळाच्या सभेला न येणारी माणसं आली. जोंग-इमही उकडलेली रताळी घेऊन आली. पट मोठ्या टीव्हीवर दिसत होता. हामदादा समोर मांडी घालून बसले होते आणि सांगतील ती चाल मुनसाहेब संगणकावर करत होते. रताळ्याचा तुकडा मुनसाहेबांनी तीनदा उचलून तीनदा खाली ठेवला.

डाव सुरू झाला आणि मुनसाहेबांच्याही ध्यानीमनी नसलेली गोष्ट झाली. हामदादा या खोलीत सगळ्यांत मोठे, त्यामुळे त्यांनी कित्येक वर्षांत लालखेरीज मोहऱ्याला हात लावला नव्हता. आता धाकटे म्हणून त्यांना हिरवे मिळाले. लाल मोहऱ्यांवरची अक्षरं ठसठशीत असतात, हिरव्यांवरची वळणदार, घाईत पत्र लिहिल्यासारखी. लाकडी मोहरे असते तर लहानमोठ्या आकारावरून ओळखू आले असते, पण मुनसाहेबांनी पडद्यावर सगळे एकाच मापाचे काढले होते, कारण वेगळ्या मापाचे काढायचे कसे ते त्यांना जमलं नव्हतं.

"घोडा पुढे घे," हामदादा म्हणाले.

"दादा, तो हत्ती आहे."

"हत्ती? बरं. मग त्याच्या शेजारचा."

"तो हलवला तर रथ उघडा पडतो, दादा."

"तू मला जांगी शिकवणार?"

मुनसाहेबांनी चाल केली. ढगाने रथ मारला. "शह घे!"

खोलीत कुणीतरी रताळं चावायचं थांबलं. ढग मुळात फार खोल बघत नसे, दोन-तीन चालींपलीकडे त्याची नजर जात नसे. पण समोर आलेलं तो सोडतही नसे. थोड्याच वेळात हामदादांचा दुसरा रथही गेला. आपल्या हयातीत हे बघायला मिळेल असं मुनसाहेबांना वाटलं नव्हतं. ढगाला आता फक्त मात करायची होती. एक नाही, तीन वाटा समोर उघड्या होत्या.

टीव्हीवर अक्षरं आली. 'पांढरा ढग ही चाल सोडत आहे.'

जांगीत चाल सोडता येते, तसा नियमच आहे. पण हातातोंडाशी आलेला डाव टाकून कुणी सोडत नाही. मुनसाहेबांनी प्रोग्रामात लिहिलं होतं, की दोन चाली सारख्याच चांगल्या वाटल्या तर घाई करू नये, थांबावं. खात्यात दोन फायली सारख्याच निकडीच्या असल्या की ते स्वतः असंच करत. इथे तीन चाली सारख्या चांगल्या होत्या. हामदादांनी एक प्यादं सरकवलं. ढगाने पुन्हा चाल सोडली.

"दया करतोय," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"मोठा आहे ना," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "सव्वाशे वर्षांचा माणूस. धाकट्याला सांभाळून घेतोय. याला म्हणतात संस्कार."

हामदादांचे कान लाल झाले. त्यांनी तोफ सरकवली. ढगाने तिसऱ्यांदा चाल सोडली. ही दया नसून निव्वळ चूक आहे, हे सांगायला मुनसाहेबांनी तोंड उघडलं. सांगितलं तर यंत्र मूर्ख ठरणार होतं. नाही सांगितलं तर दादा. ते तोंड तसंच उघडं राहिलं, कारण हामदादा टीव्हीवर ओरडले.

"खेळ की नीट! मी काय लहान पोर आहे? समोरच्याला खेळाडू समजत नसशील तर खेळायला बसतोस कशाला?"

खोलीतल्या एकूण एक माणसाने टीव्हीवरची नजर काढून मुनसाहेबांकडे बघितलं. मुनसाहेब आपल्या मोज्यांकडे बघत बसले. हामदादांनी आधी लोकांकडे बघितलं, मग लोक बघत होते तिकडे. पुढची चाल त्यांनी मुनसाहेबांना हळू आवाजात सांगितली.

डाव पुढे चालू राहिला. मिळालेल्या फुकटच्या चालींवर हामदादा सावरले, एक वाट दुसरीहून बरी दिसू लागल्यावर ढगही पुन्हा खेळू लागला, पण तोवर उशीर झाला होता. हामदादा जिंकले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि वाजवल्या असत्या तर त्यांना चाललंही नसतं. पडद्यावर आलं, 'आपली तक्रार मिळाली. आम्ही दिलगीर आहोत.' हामदादा रताळं न खाता उठून गेले.

ब्योनने सोमवारी ढग काढून टाकला आणि हत्तीसकट सगळ्या तक्रारींपुढे 'निवारण झाले' असं लिहिलं. मुनसाहेबांना वाईट वाटलं, पण ढगाचं तितकंसं नाही. हामदादा दोन दिवस खोलीकडे फिरकले नव्हते. सूट मिळण्यात जो सल होता तो मुनसाहेबांना पाठ होता, आणि तो दादांच्या गळ्यात आपणच बांधला, याने त्यांना जेवण जाईना. जोंग-इम म्हणाली, "मग जा ना, माफी मागा. यंत्राच्या चुकीची माफी माणसाने मागितली तर चालते."

मंगळवारी मुनसाहेब खोलीत गेले. हामदादा आधीच येऊन बसले होते. पट मांडलेला होता.

"दादा, परवाचं ते... यंत्राने दया केली नव्हती. माझीच चूक होती लिहिताना."

"माहीत आहे. तुझं यंत्र दया करण्याइतकं हुशार नाही." हामदादांनी वर बघितलं नाही. "बस."

मुनसाहेब बसले आणि त्यांनी पटाकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. लाल बाजूला दोन रथ होते. दादा एक काढायला विसरले असतील म्हणून ते थांबले. हामदादांनी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, "काय बघतोस? हिरव्याची चाल पहिली."

मुनसाहेबांनी प्यादं सरकवलं. पुढे जे झालं त्याला डाव म्हणणं धाडसाचं होईल. दोन्ही रथ दोन बाजूंनी आले, मधून तोफ आली, आणि मुनसाहेबांचा सेनापती, म्हणजे जांगीतला राजा, पटावरच्या राजवाड्यातल्या राजवाड्यात कोंडला गेला. इतका लाजिरवाणा पराभव त्या खोलीत कुणाचा झाला नव्हता. पेल्यातली कॉफी अजून गरम होती.

"शह घे," हामदादा म्हणाले. "आता कळलं, मी रथ का काढत होतो?"

मुनसाहेबांचे डोळे भरून आले होते, चेहरा फुलला होता, आणि हात केव्हाच मोहरे गोळा करू लागले होते.

"कळलं, दादा. मांडा पुन्हा."